जेवणाच्या टेबलावर शिकलेला द्वेष

नमस्कार मंडळी, आज एका जुन्या पिक्चरबद्दल बोलायचंय. खरं तर पिक्चरबद्दल कमी आणि तो बघताना डोक्यात जे समाजशास्त्र घोळत राहतं त्याबद्दल जास्त. पिक्चर १९९८ चा, नाव अमेरिकन हिस्टरी एक्स, दिग्दर्शक टोनी के आणि मेन रोलमध्ये एडवर्ड नॉर्टन, ज्याला यासाठी ऑस्करचं नॉमिनेशनही मिळालं होतं. एडिटिंगवरून या दोघांचं इतकं फाटलं की दिग्दर्शक म्हणाला माझं नावच काढा, हवं तर हम्प्टी डम्प्टी लिहा, पण ती वेगळीच करमणूक आहे, तिच्यात आज शिरत नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, शेवटही सांगणार आहे, त्याशिवाय पुढचं बोलताच येणार नाही. लॉस एंजेलिसमधला व्हेनिस बीच. डेरेक नावाचा हुशार गोरा मुलगा, वडील फायरमन. एका कृष्णवर्णीय वस्तीत आग विझवताना वडिलांना कोणीतरी गोळी घालतं. डेरेक निओ-नाझी टोळीत जातो, म्हणजे गोऱ्यांना श्रेष्ठ मानणाऱ्या हिटलरभक्तांच्या, छातीवर नाझींचं स्वस्तिक गोंदवून घेतो, गाडी चोरायला आलेल्या दोन कृष्णवर्णीय मुलांना ठार मारतो, त्यातल्या एकाला तर इतक्या क्रूरपणे की तो सीन मी दुसऱ्यांदा बघूच शकले नाही. तीन वर्षं तुरुंग. बाहेर येतो तो बदललेला, पण तोवर धाकटा भाऊ डॅनी त्याच वाटेवर निघालेला असतो.

आता बहुतेक लोक काय म्हणतात, की वडिलांच्या खुनामुळे पोरगा बिघडला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण पिक्चर बराच पुढे गेल्यावर एक साधा सीन येतो आणि सगळं उलटंपालटं करून टाकतो. वडील जिवंत आहेत, सगळे टेबलावर बसून खातायत, डेरेक शाळेतल्या एका कृष्णवर्णीय शिक्षकाचं कौतुक करतोय, त्यांनी वाचायला दिलेल्या पुस्तकाबद्दल उत्साहाने सांगतोय. आणि वडील हळूहळू त्याची हवा काढतात. शिवीगाळ आहे, पण आरडाओरडा नाही. म्हणतात, आमच्या खात्यात दोन कृष्णवर्णीय घेतले, टेस्टमध्ये यांच्यापेक्षा चांगले मार्क मिळवणारे गोरे बाहेर राहिले, आणि उद्या आगीत माझा जीव यांच्या भरवशावर. पोरगा आधी गोंधळतो आणि मग मान डोलावतो. बस्स, बी तिथे पडलं, गोळी नंतरची.

माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात भीतीदायक सीन हाच. टकले केलेले, बूट घातलेले, आरडाओरडा करणारे लोक ओळखता येतात हो, पण प्रेमळ बापाच्या तोंडून काळजीच्या सुरात आलेला द्वेष ओळखायचा कसा?

हर्बर्ट ब्लूमर नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९५८ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की वांशिक पूर्वग्रह ही माणसाच्या मनातली नुसती नावड नसते, तो आपल्या गटाची जागा कुठे आहे याबद्दलचा एक समज असतो. म्हणजे आम्ही वर, ते खाली, अमुक नोकऱ्या, अमुक मान आमचा, आणि आता ते आमच्या ताटातलं ओढायला लागलेत. लक्षात घ्या, इथे त्या माणसाने तुमचं काही वाकडं केलेलं असायची गरजच नाही, तो वर सरकतोय एवढं पुरतं. आता वडिलांचं वाक्य परत आठवा. त्या दोघांनी कामात चूक केली असं ते कुठे म्हणतच नाहीत. ते जागेबद्दल बोलतायत.

आणि हे काही हवेतून आलेलं नव्हतं, पिक्चर ज्या कॅलिफोर्नियातला आहे तिथे तेव्हा हेच वारं होतं. १९९१ मध्ये रॉडनी किंग नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी बेदम मारलं, त्याचा व्हिडिओ जगभर गेला, १९९२ मध्ये त्या पोलिसांना ज्युरीने जवळपास पूर्ण सोडून दिल्यावर लॉस एंजेलिस पेटलं आणि पन्नासहून जास्त लोक मेले. १९९४ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या सरकारी सेवा बंद करायचा प्रस्ताव मतदारांनी पास केला, नंतर तो कोर्टात अडकला ते सोडा. १९९६ मध्ये सरकारी नोकऱ्या आणि कॉलेज प्रवेशात वंश बघून झुकतं माप द्यायला बंदी आली. डेरेक टोळीसमोर जे भाषण ठोकतो ना, आकडे फेकत, टॅक्सचा पैसा कुठे जातो वगैरे, त्यातला बराचसा माल तेव्हाच्या राजकारणात उघडपणे चाललेलाच होता, त्याने फक्त त्याला धार लावली.

मग टोळी कशाला लागते, राग तर होताच की. तर राग असून भागत नाही, त्याला भाषा लागते, सोबत लागते. एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने गुन्हेगारीबद्दल जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा एवढाच की गुन्हा हा शिकला जातो, आणि जवळच्या माणसांत बसून शिकला जातो. कसा करायचा ते तर शिकतातच, पण तो बरोबर का आहे याची कारणंही तिथेच मिळतात. आपल्याकडे ढवळ्या-पवळ्याची म्हण आहेच, वाण नाही पण गुण लागला, सदरलँडने फक्त त्याचं शास्त्र केलं. डॅनीच्या बाबतीत तर हे अगदी डोळ्यांसमोर घडतं, त्याच्या मनात खोल द्वेष वगैरे मला तरी दिसत नाही, त्याला भावासारखं व्हायचंय एवढंच, आणि भावाची जागा रिकामी आहे म्हणून टोळीचा म्होरक्या कॅमेरॉन ती भरतो. हा म्होरक्या स्वतः कशात सापडत नाही बरं का, पोरं तुरुंगात जातात आणि हा मात्र घरी.

साइक्स आणि मात्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, की चुकीचं वागणारी पोरं बहुतेक वेळा चूक-बरोबर ओळखत असतात, फक्त मन गप्प करायच्या युक्त्या त्यांच्याकडे तयार असतात. तो त्याच लायकीचा होता. माझा नाइलाज होता. मी आपल्या माणसांसाठी केलं. डेरेकचे डायलॉग या चष्म्यातून ऐकून बघा, जवळपास सगळ्या युक्त्या सापडतील.

आता बदलाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. तुरुंगात डेरेक साहजिकच गोऱ्यांच्या टोळीत जातो. आणि बघतो काय, की ही मंडळी मेक्सिकन टोळीशी ड्रग्जचा धंदा करतायत. म्हणजे वंश, शुद्धता, सगळं बोर्डावर लिहायला, आत नुसतं दुकान. तो चिडतो, त्यांच्यापासून लांब होतो, आणि मग त्याचेच लोक बाथरूममध्ये त्याच्यावर भयंकर अत्याचार करतात. पण मला विचाराल तर इथे तो बदललेला नाहीये, इथे फक्त त्याचा गट तुटलाय, भ्रमनिरास झालेला माणूस आणखी कडवा होऊ शकतो, जास्त कट्टर टोळी शोधू शकतो. फरक पडतो तो लाँड्रीत.

लाँड्रीत त्याच्यासोबत लामाँट नावाचा कृष्णवर्णीय कैदी आहे. दोघं चादरींच्या घड्या घालतात. आधी डेरेक बोलतच नाही, लामाँट बडबडत राहतो, टवाळी करतो, बास्केटबॉलच्या टीमवरून खेचतो, आणि एक दिवस डेरेकला हसू येतं. त्याला कोणी समतेवर लेक्चर दिलेलं नाही, हे बघा.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहावर जे पुस्तक लिहिलं त्यात संपर्काबद्दल मांडणी आहे. दोन गटांतली माणसं नुसती जवळ आली की प्रेम उतू जातं असं नाही, उलट भांडणंही वाढतात. दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते एकमेकांच्या मदतीने गाठावं लागायला हवं आणि वरच्या व्यवस्थेचा त्याला पाठिंबा हवा. लाँड्रीत पहिल्या तीन गोष्टी आहेत, सारखे कपडे, सारखं काम, चादरींचा एकच ढीग. चौथी मात्र अजिबात नाही, तो तुरुंग वंशावर वाटलेला आहे, कोण कुठे बसून जेवणार हेसुद्धा. ती उणीव कोण भरून काढतं? मला वाटतं जेवताना डेरेक ज्यांचं कौतुक करत होता ते शिक्षक, स्वीनी, जे आता प्रिन्सिपल झालेत आणि तुरुंगाच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला येतात. ते एकच विचारतात, की तू जे काही केलंस त्याने तुझं आयुष्य जरा तरी बरं झालं का. वाद घातला असता तर डेरेकने आकडे तोंडावर मारले असते, या प्रश्नाला त्याच्याकडे आकडा नव्हता.

आणि एक धागा लामाँटचा, तो पटकन निसटतो म्हणून मुद्दाम सांगते. लामाँट आत का आहे तर टीव्ही चोरला. पकडताना तो टीव्ही पोलिसाच्या पायावर पडला, पोलीस म्हणाला फेकून मारला, झाला हल्ल्याचा गुन्हा, सहा वर्षं. डेरेकने माणसं मारली, त्याला तीन. डेरेक हे ऐकतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतला स्टोकली कारमायकेल आणि राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हॅमिल्टन यांनी संस्थात्मक वंशवाद हा शब्द वापरला तो याच प्रकारासाठी, की कोणा एकाने मनात द्वेष धरून वागायची गरज नाही, रोजचा कारभार चालू ठेवला तरी तोच निकाल येतो. तेव्हाच्या अमेरिकेत १९८६ पासून कायदाच असा होता की गरीब कृष्णवर्णीय वस्तीत चालणाऱ्या क्रॅक कोकेनला, पावडरच्या कोकेनच्या तुलनेत, शंभरावा हिस्सा वजन सापडलं तरी तीच किमान शिक्षा. डेरेकचं मन बदललं, ठीक, पण लामाँटची सहा वर्षं त्याने एका दिवसानेही कमी होत नाहीत. पिक्चर इथे दोन मिनिटं थांबतो आणि पुढे निघून जातो, ही माझी त्याच्याबद्दलची मोठी तक्रार आहे.

बाहेर आल्यावर डेरेक आरशासमोर उभा राहतो आणि छातीवरचं स्वस्तिक हाताने झाकून बघतो. हेलन ईबॉ यांनी १९८८ मध्ये जुनी भूमिका सोडून आलेल्या लोकांवर पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे, की तुम्ही बाहेर पडता पण लोकांच्या लेखी माजी अमुकच राहता, जुने तुम्हाला गद्दार म्हणतात आणि नवे विश्वास ठेवत नाहीत. डेरेकचे जुने मित्र पार्टी ठेवून त्याची वाट बघत असतात आणि ज्यांना त्याने दुखावलं ते त्याला विसरलेले नसतात.

शेवटी डॅनीला शाळेच्या बाथरूममध्ये एक कृष्णवर्णीय मुलगा गोळी घालतो. तोच, ज्याच्या तोंडावर डॅनीने सुरुवातीला सिगरेटचा धूर सोडला होता. डेरेकच्या घरातली दोन जेवणं आपण बघितली, वडिलांसोबतचं आणि नंतर आईच्या ज्यू मित्राचा अपमान होतो ते, म्हणून हा द्वेष कुठून आला ते आपल्याला कळतं. त्या गोळी घालणाऱ्या मुलाच्या घरी टेबलावर काय बोललं जायचं, कोण गेलं होतं, कोणाला कधी उचलून नेलं होतं, काही माहीत नाही, त्याच्या घरात कॅमेरा कधी गेलाच नाही.