गर्भपिशवीच्या तोंडाची सूज आणि क्लॅमिडिया

परळ. सकाळची ओपीडी. केसपेपर घेऊन बसलेल्या या बायकांपैकी अनेकींची तक्रार एकच: अंगावरून पांढरं जातंय.

पडद्याआड डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारं साधन) लावून पिशवीचं तोंड पाहतात. एरवी ते गुळगुळीत, गुलाबी असतं. इथे बघा: लालभडक, वर पिवळसर चिकट स्राव, आणि स्वॅब, म्हणजे नमुना घ्यायची बोळा लावलेली काडी, नुसता टेकला तरी रक्त. हा सर्व्हिसायटिस, म्हणजे पिशवीच्या तोंडाची सूज. त्यामागे संबंधातून पसरणारा एखादा संसर्ग असू शकतो: गनोरिया असेल, ट्रायकोमोनास असेल, क्लॅमिडिया असेल. कित्येकदा यातलं काहीच सापडत नाही. नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू पेशीच्या आत शिरून वाढतो, म्हणून नमुना घेण्यातच खरी मेख आहे. पहिल्या स्वॅबने वरचा स्राव पुसून घेतात. तो टाकूनच द्यायचा. मग बारीक प्लॅस्टिकच्या काडीचा दुसरा स्वॅब सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत जातो आणि १०-१५ सेकंद सावकाश गोल फिरतो. पू पुरेसा नाही, पेशी खरवडून यायला हव्यात. घाईगर्दीच्या ओपीडीत ही १५ सेकंदं काढणाऱ्या हातांचं मोल फार आहे.

आता लॅब. पूर्वी हा जंतू जिवंत पेशींवर वाढवावा लागे; त्यात दिवस जात. नंतर आलेल्या एलायझा या चाचणीतून बऱ्याच केसेस निसटत. पीसीआरमध्ये जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवतात, आणि स्क्रीनवरची रेघ ही अशी वर चढते. त्यामुळे किती जणींना क्लॅमिडिया आहे याची जुन्या चाचण्यांची टक्केवारी आजच्या टक्केवारीशेजारी ठेवता येत नाही. सूज असलेल्या बायकांमधला आकडा साऱ्या मुंबईला लावणंही चूकच.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, अशा लक्षणांवर करड्या रंगाचं औषधांचं किट देतात: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. औषध त्याच दिवशी हातात पडतं, हे चांगलंच आहे. पण क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काही त्रासच होत नाही. त्या या बाकावर येणार कशा? त्यांच्यासाठी तपासणीच हवी, आणि ती पालिकेच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवी.

उपचार राहिले तर गर्भनळ्या बंद होऊ शकतात, गर्भ नळीत अडकू शकतो, वंध्यत्व येऊ शकतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की नवऱ्याचाही केसपेपर काढावा लागतो. औषध दोघांना, ७ दिवस संबंध बंद, आणि ३ महिन्यांनी तिची पुन्हा तपासणी.