गिअर अडतो, तेव्हा नेमकं काय अडतं?

नमस्कार श्रोतेहो. हाताने गिअर बदलायच्या गाडीत जी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. गिअर पडत नाही, जड जातो, कर्रर्र वाजतो किंवा टाकलेला गिअर आपोआप सुटतो. असं काही झालं की गाडीवाला गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, "गिअरबॉक्स गेला वाटतं." हे वाक्य मला फार खटकतं. गाडीला काय होतंय हे त्यात कुठेच नसतं, उलट निदान करून टाकलेलं असतं, आणि तेही बरेचदा चुकीचं. गिअरबॉक्स खाली उतरवणं म्हणजे मोठं काम, मोठा खर्च. आणि दोष पुष्कळ वेळा बॉक्सच्या बाहेरच असतो.

म्हणून सगळ्यात आधी एक तपासणी करा. हत्यारं लागत नाहीत, दोन मिनिटांत होते. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद करा. आता क्लच दाबून पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. उभ्या गाडीत एखाद्या गिअरचे दात नेमके समोरासमोर येतात आणि तो अडतो. दांडा न्यूट्रलला आणून पुन्हा टाकला, किंवा गाडी किंचित हलवली, की तो बसतो. याला दोष समजू नका. सगळे गिअर सहज पडले, तर इंजिन सुरू करा आणि तेच पुन्हा करा.

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि सुरू असताना अडतात किंवा वाजतात, असं दिसलं तर संशय क्लचवर घ्या. इंजिन बंद असतानाही दांडा तितकाच जड असेल, तर क्लचला सध्या बाजूला ठेवा. दोष दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीत, गिअर ऑइलमध्ये किंवा खुद्द बॉक्समध्ये आहे. पुढचा सगळा तपास या एका फरकावर उभा राहतो.

आधी क्लचकडे वळू. इंजिनाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, प्रेशर प्लेट बोल्टांनी बसवलेली असते आणि त्या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. मोकळी म्हणजे किती? तिच्या दोन्ही बाजूंना पडणारी फट मिलिमीटरच्याही आतली असते. पायाखाली पेडल चांगलं वीतभर खाली जातं, पण तिकडे प्लेटपाशी पोचते ती एवढीशी हालचाल. त्यामुळे वाटेत थोडी जरी हालचाल वाया गेली, तरी प्लेट पूर्ण सुटत नाही, घासत राहते. इंजिन तिला फिरवत राहतं, तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्टही फिरत राहतो, आणि फिरत्या शाफ्टवर गिअर टाकायला गेलं की तो अडतो.

हे पडताळून पाहायला रिव्हर्स गिअर उपयोगी पडतो. बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या सगळ्या गिअरना सिंक्रो, म्हणजे दात बसण्याआधी वेग जुळवून देणारी यंत्रणा, असते, रिव्हर्सला मात्र नसते, त्यामुळे तो काही झाकून ठेवत नाही. इंजिन सुरू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना क्लच पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटला असेल तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबलेला असतो आणि गिअर आवाज न करता पडतो. दहा सेकंदांनंतरही कर्रर्र झालं, तर प्लेट घासते आहे हे नक्की. घाईघाईत क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला आणि वाजला, तर मात्र गाडीला दोष देऊ नका. शाफ्टला थांबायला आपणच वेळ दिला नाही. दोन-तीन सेकंद थांबावं, किंवा आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्सला जावं, आवाज येत नाही.

आता हालचाल वाया जाते कुठे? पहिली जागा इतकी साधी आहे की तिथे कोणी बघतच नाही. पायाखालची मॅट. जाड मॅट सरकून पेडलमागे गोळा झाली की पेडल तळापर्यंत पोचत नाही. मॅट काढून, पेडल हाताने पूर्ण दाबून बघा. त्यानंतर क्लच केबलचा असेल तर केबल बघावी. ती कालांतराने ताणते, तिच्या तारा एकेक करून तुटू लागतात, आणि पेडलच्या सुरुवातीचा मोकळा खेळ वाढतो. पेडल बोटाने हळूच दाबलं तर हा खेळ समजतो. तो किती असावा हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ॲडजस्टमेंटचा नट फिरवून तो आणता येतो, पण तारा तुटायला लागल्या असतील तर केबलच बदलावी.

हायड्रॉलिक क्लच असेल, म्हणजे पेडलचा जोर केबलऐवजी नळीतल्या तेलाच्या दाबाने पोचत असेल, तर पेडलचं वागणं बारकाईने बघा. एकदा दाबून गिअर पडत नाही, पण भराभर दोन-तीनदा दाबलं की पडतो, याचा अर्थ बहुधा लाइनमध्ये हवा शिरली आहे. पेडल दाबून धरलं असताना ते हळूहळू खाली सरकतंय असं वाटलं, तर पेडलजवळचा मास्टर सिलिंडर किंवा खाली बॉक्सपाशी असलेला स्लेव्ह सिलिंडर दाब धरत नाही. पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली हात घालून बघा, ओल लागते का. बऱ्याच गाड्यांमध्ये मास्टर सिलिंडर गळायला लागला की तेल पेडलवरून उतरून कारपेटमध्ये मुरतं, त्यामुळे बाहेर जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. या लाइनमध्ये असतं ते ब्रेक फ्लुइड, आणि अनेक गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते. म्हणून ही पातळी कमी झालेली दिसली तर फक्त वरून भरून गाडी पुढे चालवू नका. गळती शोधून काढा, कारण प्रश्न फक्त गिअरचा राहिलेला नसतो.

एक प्रसंग वेगळा. गाडी ओलसर हवेत फार दिवस उभी राहिली, तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते. मग कितीही दाबा, गिअर पडत नाही. काल-परवापर्यंत गाडी रोज धावत असेल तर हा संशय सोडून द्या.

इंजिन बंद असतानाही जो गिअर जड जातो, त्याचा तपास दांड्याच्या बुडापासून सुरू करावा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांमध्ये दांड्यापासून बॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक आडव्या हालचालीची, म्हणजे कोणती रांग निवडायची ती, आणि दुसरी पुढे-मागे करण्याची. प्रत्येक केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचं किंवा रबराचं एक छोटं बुश असतं, अंगठीएवढं. ते झिजलं की दांडा सैल, लुळा वाटायला लागतो. तिसरा टाकायला जावं आणि पहिल्याच्या दिशेला जावं, असं होतं. तुटलं की दांडा नुसताच हलतो आणि गिअर जागचा हलत नाही. चालू गाडीत हे झालं की माणूस घाबरतो, बॉक्स फुटला असं वाटतं. बॉनेट उघडून, इंजिन बंद ठेवून, कोणाला तरी दांडा हलवायला सांगा आणि केबलच्या टोकाकडे बघा. केबल हलते पण बॉक्सवरचा लिव्हर हलत नाही, एवढं दिसलं की शोध संपला. बॉक्स उतरवण्याची काही गरज नाही.

गिअर ऑइलचं आता थोडक्यात. गाडी थंड असताना गिअर जड आणि दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर हलका होत असेल, तर ऑइल जुनं झालंय, कमी आहे किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे ऑइल चांगलं, असं समजून कोणी जीएल-५ भरतं. ते प्रामुख्याने चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलसारख्या जास्त दाबाच्या दातांसाठी आहे, आणि त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवतीलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच भरावं, दुकानदाराच्या सल्ल्याने बदलू नये.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात रंजक भाग. सगळे गिअर नीट पडतात, फक्त एकच वाजतो. बहुतेक वेळा दुसरा. क्लच खराब असता तर सगळ्याच गिअरना त्रास झाला असता. एकच वाजतो म्हणजे त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. सिंक्रोचं काम काय? चालत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी बसबरोबर चार पावलं धावतो, तसं. गिअरच्या शंकूवर पितळी रिंग घासते, दोघांचा वेग एक होतो, आणि मगच दात दातात बसतात. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण साडेतीन आणि दुसऱ्याचं दोनच्या आसपास धरा. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलात, तर आतला शाफ्ट सुमारे १७०० फेऱ्यांवर उतरवावा लागतो. चौथ्यावरून पाचव्यावर जाताना हा फरक याच्या निम्म्यावर येतो. वरचे गिअर बदलताना रिंगला फारसं झिजावं लागत नाही, शहरात मात्र दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चाललेलं असतं. म्हणून दुसरा गिअर आधी थकतो.

सिंक्रो गाड्यांमध्ये आले ते १९२८ मध्ये, कॅडिलॅकमध्ये. त्याआधीच्या चालकांना दर वेळी दोनदा क्लच दाबावा लागे. एकदा न्यूट्रलला येण्यासाठी, मग क्लच सोडून, आणि पुन्हा दाबून पुढच्या गिअरला. ही जुनी रीत आजही तपासणीला कामी येते. पहिल्यावरून निघताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा आणि दुसरा टाका. असं केल्यावर दुसरा गुपचूप पडला आणि नेहमीच्या पद्धतीने वाजला, तर सिंक्रोवरचा संशय पक्का झाला. इथे मात्र बॉक्स उघडावा लागतो.

गिअर टाकल्यावर सुटून न्यूट्रलला येत असेल, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना, तर स्लीव्हचे, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे, दात किंवा जागेवर धरणारी आतली स्प्रिंग झिजलेली असू शकते. पण त्याआधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार, बघा. माउंटिंगचं रबर फाटलं की इंजिन आणि बॉक्स दोन्ही झटक्यासरशी डोलतात आणि दांडा ओढला जातो. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना दांडा डोळ्यांना दिसेल इतका उसळत असेल, तर आधी तेच तपासून घ्या. आणि प्रवासात दांड्यावर हात टेकून बसायची सवय असेल तर सोडा. त्या वजनाने स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क फिरत्या स्लीव्हवर सतत दाबला जातो आणि झिजतो.

आवाजावरूनही कळतं. न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की बंद होते, तर बॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग संशयित. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग.

म्हणून गॅरेजमध्ये "गिअरबॉक्स गेला" असं म्हणू नका. सांगा, "इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, सुरू असताना पहिला आणि रिव्हर्स वाजतात, आणि पेडल दोनदा दाबलं की पडतात." असं सांगणाऱ्याच्या गाडीचा बॉक्स कोणी उगाच उतरवणार नाही. गिअर थंड असताना अडतो की गरम झाल्यावर, वर चढवताना वाजतो की खाली उतरवताना, हेही सांगा. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा.

आणि क्लच रस्त्यातच पूर्ण गेला, म्हणजे दाबूनही सुटेनासा झाला, तर? इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, क्लच दाबून स्टार्टर फिरवा. गाडी धक्का खाऊन निघते. पुढे कोणी नाही हे बघूनच हे करा, आणि तेही फक्त रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी पोचण्यापुरतं. थांबायचं झालं की इंजिन बंद करावं लागेल, हे ध्यानात ठेवा. तिथून पुढे गाडी ओढूनच न्या.