हशाला जागा ठेवणारे सिनेमे

नमस्कार श्रोतेहो.

नाटकातला नट हशासाठी थांबतो. वाक्य पडलं, प्रेक्षागृह हसायला लागलं, की तो टेबलावरचा ग्लास उचलतो, खुर्ची सरकवतो किंवा समोरच्याकडे नुसता बघत राहतो. हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य घेतो. दुपारच्या प्रयोगाला दोन सेकंद, रात्रीच्या प्रयोगाला पाच. सिनेमाला ही सोय नाही. तिथे पॉज किती ठेवायचा हे संकलकाने काही महिने आधी, बंद खोलीत बसून ठरवलेलं असतं. पॉज कमी पडला तर पुढचा संवाद हशात बुडतो. जास्त ठेवला आणि हशा आलाच नाही, तर पडद्यावरची माणसं बस चुकल्यासारखी उभी दिसतात. मोठ्या स्टुडिओंमध्ये निवडक प्रेक्षकांना आधी सिनेमा दाखवून अंदाज घेतात, पण अंदाजच तो.

अलीकडचे विनोदी आणि अ‍ॅनिमेशनचे सिनेमे मी आज या एका कसोटीवर लावणार आहे. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन सहज सिनेमाला जाणाऱ्या माणसाला ही कसोटी पुरेशी आहे, असं माझं मत आहे.

मार्च 2024 मध्ये आलेला किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ घ्या. रेल्वेच्या डब्यात दोन नवऱ्या, दोघींचा घुंगट सारखाच, आणि त्यातल्या एकीचा नवरदेव दीपक अंधारात चुकीच्या नवरीला घेऊन उतरतो. बायको हरवली म्हणून तो पोलीस चौकीत जातो आणि ओळख पटावी म्हणून लग्नातला फोटो पुढे करतो. फोटोत नवरदेव स्पष्ट दिसतो, आणि शेजारी पदरात झाकलेला चेहरा. दुसऱ्या एखाद्या सिनेमात इथे ढोलकीचा ठेका आला असता, हवालदाराने कपाळावर हात मारला असता आणि कुणीतरी ‘अहो, यात चेहरा कुठाय?’ असं ओरडून विनोद समजावून सांगितला असता. इथे फोटो हातात येतो, बघणारे बघतात आणि आपल्याला कळायला वेळ मिळतो. प्रेक्षकाला स्वतःहून कळलेल्या विनोदावर हशा मोठा येतो.

त्याच महिन्यात कुणाल खेमूचा ‘मडगांव एक्सप्रेस’ आला. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिला सिनेमा. गोव्याला निघालेले तीन मित्र, रेल्वेत बदललेली बॅग, आणि पुढे व्हायचा तो सगळा गोंधळ. दोन्ही सिनेमांत छाया कदम आहेत, आणि विनोदाचा वेग म्हणजे काय हे बघायचं असेल तर हे दोन सिनेमे लागोपाठ बघा. एकीकडे स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई, जी हातातलं काम न सोडता, मान वर न करता बोलते. दुसरीकडे गोव्यातल्या बायकांच्या टोळीची म्होरकी, तिचं सगळं वरच्या पट्टीत. नटी एकच, पण मंजू माईचा विनोद वाक्यानंतरच्या शांततेत आहे आणि टोळीवालीचा वाक्यावर आदळणाऱ्या पुढच्या वाक्यात. दुसरी पद्धत कमी दर्जाची अजिबात नाही, फक्त ती जपून वापरावी लागते. ‘मडगांव एक्सप्रेस’चा पहिला भाग मला आवडतो, कारण तिथे तिन्ही मित्रांच्या स्वभावांतून विनोद येतो. नंतर पाठलाग, गोळ्या आणि आरडाओरडा वाढतो. तिघं एकाच वेळी ओरडायला लागले की कान एकही वाक्य धरू शकत नाही, आणि चांगली वाक्यं वाया जातात.

मराठीत परेश मोकाशी यांचा 2023 सालचा ‘वाळवी’ याच्या अगदी उलट टोकाला आहे. विषय खुनाचा. योजना आपल्याला आधी नीट समजावून दिली जाते, अगदी पायरीपायरीने. मग ती बिघडते. योजना पाठ झालेली असल्यामुळे कुठली वीट निसटली हे आपल्याला पात्रांच्या बरोबरीने कळतं. नट गंभीर राहतात, स्वतः विनोद करतोय असं एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. ज्यांनी अजून बघितला नसेल त्यांनी कथा विचारू नये, आणि ज्यांनी बघितलाय त्यांनी कृपा करून सांगू नये.

मराठी विनोदी सिनेमांची एक खोड मात्र सांगायलाच हवी. टीव्हीवरच्या स्किटची सवय पडद्यावर येते. पंच पडला की ‘ट्यांव’ असा आवाज, मग तीन जणांचे तीन क्लोजअप, मग त्यातल्या एकाची पुन्हा टिप्पणी. स्किटमध्ये हे चालतं, कारण तिथे समोर बसलेले पाहुणे हसतात आणि त्यांच्या हसण्याने ती जागा भरते. सिनेमात तेच केलं की एका हशाचे तीन तुकडे होतात आणि एकही पुरा मिळत नाही.

आता अ‍ॅनिमेशनकडे येऊ. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रं सरकतात. कॅमेऱ्यासमोर नट उभा असेल तर तो श्वास घेतो, पापण्या लवतात, पॉज आपोआप जिवंत राहतो. अ‍ॅनिमेशनमध्ये आपोआप काहीच होत नाही. हाताने काढलेलं चित्र अर्धा सेकंद स्थिर ठेवलं तरी खपून जातं. संगणकावर केलेलं त्रिमित पात्र पूर्ण थांबवलं, तर ते क्षणात दुकानातल्या पुतळ्यासारखं दिसतं. म्हणून पात्र थांबलेलं असतानाही त्याला बारीकशी हालचाल देत राहावी लागते. मान केसभर कलते, डोळे किंचित सरकतात. ही हालचाल जास्त झाली की पात्र चुळबुळं वाटतं आणि पंच मरतो. स्वस्तात केलेल्या बालपटांमधली पात्रं सतत हात हलवत बोलतात, ती यामुळेच. थांबणं जमत नाही म्हणून हलत राहायचं.

थांबणं कसं असावं ते बघायचं असेल तर ‘वॉलेस अँड ग्रोमिट: व्हेंजन्स मोस्ट फाउल’ बघा. 2024 च्या नाताळात ब्रिटनमध्ये बीबीसीवर आला, आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहे. मातीसारख्या प्लास्टिसिनच्या बाहुल्या, एकेक फोटो काढून हलवलेल्या. नीट पाहिलंत तर अंगावर बोटांचे ठसे दिसतील. यातला ग्रोमिट हा कुत्रा, त्याला तोंडच नाही, सगळा अभिनय कपाळाच्या एका घडीवर. आणि खलनायक म्हणजे फेदर्स मॅकग्रॉ नावाचा पेंग्विन. त्याचे डोळे म्हणजे दोन काळे मणी. भुवया नाहीत, ओठ नाहीत, एक शब्द बोलत नाही. तो नुसता वळून बघतो आणि थांबतो. त्या कोऱ्या चेहऱ्यावर राग, डाव, तुच्छता हे सगळं आपणच भरतो. गेल्या काही वर्षांतला माझ्या मते सर्वांत विनोदी नट हाच.

‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ 2018 चा, तसा जुना झाला, पण त्यातली एक युक्ती माहीत असली की नंतरचे बरेच सिनेमे उलगडतात. 24 चित्रांऐवजी पात्राला सेकंदाला 12 वेगळी चित्रं द्यायची आणि प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. यातला नवा स्पायडर-मॅन माइल्स नवशिका असताना जंगलातून झोके घेतो तेव्हा तो बाराने हलतो, आणि त्याच्या बाजूचा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर चोविसाने. आपल्याला आकडे कळत नाहीत, पण पोरगा अडखळतोय एवढं डोळ्याला बरोबर कळतं. पुढे तो तयार होतो तशी त्याची हालचाल चोविसावर येते. 2023 मध्ये आलेला पुढचा भाग भारतात दहा भाषांत लागला आणि त्यात मराठीही होती. त्यातलं मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून बनवलेलं शहर झकास आहे, फक्त विनोद एवढ्या वेगाने येतात की पहिल्यांदा बघताना अर्धे निसटतात.

2024 चा ‘इनसाइड आउट 2’ जगभर प्रचंड चालला. तेरा वर्षांची रायली, तिच्या डोक्यात नव्याने आलेल्या चिंता, असूया, कंटाळा आणि लाज, आणि या भावनाच इथे पात्रं आहेत. विनोदाची सर्वांत चांगली जागा तिजोरीच्या प्रसंगात आहे. तिथे लहान मुलांच्या कार्यक्रमातलं सपाट रंगवलेलं पात्र आणि जुन्या व्हिडिओ गेममधला कोनाकोनांचा योद्धा एकाच खोलीत येतात. सिनेमातली आजची त्रिमित पात्रं धरून तीन काळांचं अ‍ॅनिमेशन एका चौकटीत, आणि योद्ध्याची हालचाल अगदी त्या गेमसारखीच अडखळती. पण मोठी जागा शेवटाकडे आहे. चिंता वावटळीसारखी गरगर फिरत असते, आणि त्या वावटळीच्या मधोमध चिंताच गोठून उभी, डोळ्यांत पाणी. इतका वेळ धावणारा सिनेमा तिथे थांबतो. आठवी-नववीतली मुलं घरात असतील तर त्यांच्यासोबत हा बघाच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र मधला भाग जड जातो. श्रेयनामावलीनंतर एक छोटा प्रसंग आहे, तो संपल्याशिवाय उठू नका.

आणि ‘फ्लो’. लॅटव्हियाचा, गिंट्स झिल्बालोडिस यांचा. मार्च 2025 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. ‘इनसाइड आउट 2’ला सुमारे 20 कोटी डॉलर लागले, आणि हा साधारण 35 लाख युरोत झाला, तोही ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. पूर आलाय, एका होडीत मांजर, कुत्रा, घुशीसारखा पण खूप मोठा कॅपिबारा, माकडासारखा लेमूर आणि एक पक्षी. संवाद एकही नाही. तुम्ही रेडिओचे श्रोते आहात, तेव्हा आवाजाची गंमत सांगतो. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे घेतले, पण कॅपिबाराचा खरा आवाज फारच चिरका निघाला. त्या शांत, जाड्या प्राण्याला तो शोभेना. मग उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला. हेडफोन लावून ऐका. भाषांतराचा प्रश्नच नसल्यामुळे आजी आणि नातवंडं एकाच वेळी एकाच ठिकाणी हसतात, असे सिनेमे थोडे.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये आलेल्या अश्विन कुमार यांच्या ‘महावतार नरसिंह’ने तीनशे कोटींच्या पलीकडे धंदा केला. अ‍ॅनिमेशन म्हणजे पोरांचा खेळ, हा समज त्याने मोडला. शेवटचा खांबातून प्रकट होण्याचा भाग मोठ्या पडद्यावरच बघावा असा. पण साध्या बोलण्याच्या प्रसंगांत चेहरे ताठर राहतात, काही ठिकाणी हालचालीला वजन नाही. पैसा संहाराच्या दृश्यांत गेला हे समजण्यासारखं आहे. पुढच्या भागांत तो थोडा डोळ्यांच्या आणि ओठांच्या हालचालीवर खर्च व्हावा.

आता तिकीट काढण्याआधीच्या गोष्टी. विनोदी सिनेमा शक्यतो भरलेल्या खेळाला बघा, शनिवार-रविवार संध्याकाळी. हशा संसर्गजन्य असतो, आणि दहा माणसांच्या सकाळच्या खेळात तो पसरत नाही. थ्रीडी घेताना विचार करा, कारण त्या चष्म्यातून निम्म्याहून जास्त उजेड गळतो. रात्रीची, पाण्याखालची दृश्यं जास्त असलेला सिनेमा टूडीतच बरा. प्रमाणपत्रावर आता नुसतं यूए नसतं, यूए 7+, 13+, 16+ असं असतं. त्या वयाखालच्या मुलांना नेता येतं, पण पालकांनी ठरवायचं असतं. ‘द वाइल्ड रोबोट’सारख्या गोड दिसणाऱ्या सिनेमातही मरणावरचे विनोद बरेच आहेत, तेव्हा ट्रेलरवर विसंबू नका.

डब केलेला बघायचा की मूळ? डबिंगमध्ये प, ब, म ही ओठ मिटणारी अक्षरं पात्राचे ओठ मिटतात तिथेच बसवावी लागतात, आणि वाक्य मूळ वाक्याएवढ्याच वेळात संपवावं लागतं. त्यातून आपलं क्रियापद शेवटी येतं. गमतीचा शब्द मूळ वाक्यात अखेरीस असेल तर डबिंगमध्ये तो मधेच अडकतो आणि हशा ‘आहे’ किंवा ‘होता’वर सांडतो. चांगला संवादलेखक वाक्य उलटं फिरवतो. डब केलेला ट्रेलर मिनिटभर ऐका. तीनचार वाक्यं क्रियापदावरच धपकन बसत असतील तर मूळ भाषा आणि सबटायटल घ्या.

घरी बघणार असाल तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन असं काहीतरी. ही सोय क्रिकेटसाठी बरी. सिनेमात ती दोन चित्रांच्या मधे स्वतःची चित्रं घुसवते, आणि मग माइल्सचं मुद्दाम ठेवलेलं अडखळणं चिकट, गुळगुळीत होऊन जातं. पात्रं बोलताना आवाज कमी आणि संगीत आलं की कानठळ्या, असं होत असेल तर साउंड सेटिंगमध्ये किंवा सिनेमाच्या ऑडिओ पर्यायांत 5.1 च्या जागी स्टिरिओ निवडा. पाच स्पीकरच्या व्यवस्थेत संवाद मधल्या स्पीकरवर असतात आणि आपल्या टीव्हीला तो स्पीकरच नसतो. एवढं करून बसलात की पहिला ‘फ्लो’ लावा, कारण पाण्याचा आवाज नीट आला की बाकीचंही नीट येतं. आवाज एकदा ठरवला की रिमोट मात्र मुलांच्या हाती देऊ नका.

नमस्कार.