प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा

श्रोतेहो, नमस्कार. मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. त्याचा धोका त्वचेत तो किती खोल उतरलाय यावर ठरतो. प्लास्टिकच्या बशीत पेशी सपाट पसरतात, तिथे खोली कुठली? उंदराच्या त्वचेत रंगपेशी बहुतांशी केसांच्या मुळांशी, माणसात त्या बाह्यत्वचेच्या तळाशी. म्हणून माणसाच्याच पेशींची त्वचा रचावी लागते.

आधी खालचा थर. उंदराच्या शेपटीतलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, आम्लात विरघळलेलं येतं. ते बर्फावर ठेवून दहापट तीव्र मीडियम, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, मिसळायचं, मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं. पिवळा रंग गुलाबीकडे झुकू लागला की हात आवरायचा. जास्त पडलं तर पेशी मरतात, कमी पडलं तर जेल धड बसत नाही आणि बर्फ विसरलात तर ते पिपेटमध्येच गोठतं.

सहा खणांच्या प्लेटमधल्या जाळीदार कपात आधी १ मिली नुसतं जेल, त्यावर ३ मिली फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी, घातलेलं. मिलीला साधारण ७५ हजार पेशी. त्या जेल ओढून आकसवतात. खालचा नुसता थर नसेल तर सगळं जेल सुटून येतं. आकसणं थांबायला ४ ते ७ दिवस लागतात. त्याआधी घाई केली की वर पेरलेल्या थराला घड्या पडतात.

मग त्यावर ५ लाख केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी, आणि १ लाख मेलॅनोमा पेशी एकत्र. काही दिवस मीडियममध्ये बुडवून ठेवल्यावर वरची बाजू हवेवर उघडी करायची. मीडियम फक्त खालून. पातळी जरा चढली तरी वरचा कोरडा थर बनत नाही. रोज बघा, दुसरा उपाय नाही.

दोनेक आठवड्यांनी उभा काप घेऊन रंगवायचा. फसगत होते ती इथे. घडीत घसरलेल्या किंवा कडेवरून ओघळलेल्या पेशी खोल शिरल्यासारख्या दिसतात. म्हणून काप मध्यभागाचे घ्यावेत आणि कोलॅजन ४ रंगवून तळपडदा, म्हणजे दोन थरांमधला पातळ पडदा, खरंच फाटलाय का ते पाहावं. मेलॅनोमा न घातलेला नमुना शेजारी हवाच.

बीआरएएफ या जनुकात व्ही६००ई हा बदल असलेल्या पेशींवर व्हेम्युराफेनिब हे औषध असं तपासता येतं. इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावणारा उपचार, मात्र नाही, कारण यात रोगप्रतिकारक पेशीच नाहीत.

भारतात मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायाला होतो. तळव्याचे फायब्रोब्लास्ट वरच्या थराला केराटिन ९ हे तळव्याच्या त्वचेतलं प्रथिन बनवायला लावतात. इतर जागेचे लावत नाहीत. तळपायाच्या गाठीचा अभ्यास करायचा तर फायब्रोब्लास्टही तळपायाचेच घ्या.