पीसीव्हीची ओळ

ऑगस्टातला गोव्याचा सत्तरी तालुका. पाऊस घटकाभर थांबतो. पोफळीच्या बागेत, अंगणातल्या पिंपात, टाकलेल्या टायरात, करवंटीत पाणी साचलेलं असतं. एडिस डासाच्या मादीला अंडी घालायला तेवढं पुरतं. चावते ती दिवसाढवळ्या, मुलं अंगणात असतात तेव्हाच.

मग ताप. वाळपईचं आरोग्य केंद्र असो की बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आईबापांचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, प्लेटलेट्स किती?"

सात वर्षांचं मूल आहे असं धरू. तापाचा दुसरा दिवस, एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. म्हणजे डेंग्यू आहे, एवढं कळलं. तो कुठल्या थराला जाईल, हे सांगणारी एकच एक तपासणी आजही नाही. अंदाज येतो तो सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुन्हा पुन्हा करून, आधीचे आकडे शेजारी ठेवून.

त्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या आसपास पीसीव्ही अशी एक ओळ असते. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते ती सांगते. डेंग्यू बिघडला की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, पोटात नि छातीत उतरतो आणि मागे उरलेलं रक्त दाट होतं. परवा ३६ असलेला पीसीव्ही आज ४४, आणि प्लेटलेट्स दीड लाखावरून ८० हजारांवर! ही जोडी दिसली की मुलाला इस्पितळातच ठेवायचं. एकट्या ८० हजारांचा एवढा धसका घेऊ नये. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स चढवायची सहसा गरजही नसते. पपईच्या पानांच्या रसाची चौकशी मात्र सगळे करतात. पीसीव्ही कुणी विचारत नाही.

हे पाझरणं घडतं बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकं ताप उतरताना. घरच्यांना हायसं वाटतं, दप्तर भरून ठेवलं जातं. त्याच वेळी पोट दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, मूल मलूल पडलं असेल, तर थेट इस्पितळ गाठावं. रक्तदाबाच्या भरवशावर राहू नये. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, हातपाय आधी गार पडतात.

पीसीव्ही खाली येण्याचेही दोन अर्थ. नाडी धावतेय, मूल सावरत नाही आणि आकडा घसरला, तर आत कुठे तरी रक्त जात असण्याची शंका घ्यावी लागते. पण २४ ते ४८ तासांत पाझर थांबून मूल तरतरीत झालं, लघवी भरपूर होऊ लागली आणि मग आकडा उतरला, तर प्लाझ्मा रक्तात परत येतोय. आता पाझराची तूट भरायला लावलेलं सलाइन आवरतं घ्यायचं. चालूच ठेवलं तर जास्तीचं पाणी फुप्फुसांत साचतं, आणि बरं होत आलेलं मूल धापा टाकू लागतं.