हरल्यावर लगेच गाडीत बसू नका

(टेनिसच्या स्पर्धा खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘पराभवानंतर मुलांना कसं सावरायचं’, त्यावर मी येणारच आहे, पण आधी जरा ड्रॉकडे, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्याकडे बघूया, कारण ड्रॉ निघाला की आपण सगळे फक्त आपल्या पोराचं नाव शोधतो आणि समोर सीड, म्हणजे मानांकित खेळाडू, आलाय का तेवढं बघून फोन खाली ठेवतो. समजा 32 चा ड्रॉ आहे. पहिला राउंड झाला की 16 जण घरी. फायनल संपेपर्यंत 31 जण हरलेले असतात, न हरता जाणारा एकच. म्हणजे अंडर ट्वेल्व्हपासून अंडर एटीनपर्यंत खेळणारं मूल, चांगलं खेळणारं सुद्धा, जवळजवळ प्रत्येक स्पर्धा हरूनच संपवतं. क्रिकेटमध्ये शून्यावर आउट झालं तरी टीम जिंकते आणि पोरगं नाचत घरी येतं. इथे बाजूला कुणीच नाही, आणि ज्युनियरच्या अनेक स्पर्धांत मॅच चालू असताना कोचला बोलायची परवानगी नसते. चेंजओव्हरचे, म्हणजे बाजू बदलतानाच्या विश्रांतीचे, नव्वद सेकंद ते पोर टॉवेल डोक्यावर घेऊन एकटं बसतं आणि आपण जाळीच्या बाहेर उभे.

त्यात टेनिसचं स्कोरिंग असं की जास्त पॉइंट मिळवूनही माणूस हरू शकतो. 2019 ची विम्बल्डन फायनल तुम्ही बघितली असेलच, फेडररने 218 पॉइंट जिंकले, जोकोविचने 204, आणि कप जोकोविचकडे. पाचव्या सेटमध्ये फेडरर 8-7 पुढे, सर्व्हिस त्याची, 40-15, दोन मॅच पॉइंट हातात होते हो! 2010 मध्ये विम्बल्डनलाच अमेरिकेचा इस्नर आणि फ्रान्सचा माहू यांची ती तीन दिवस चाललेली मॅच, शेवटचा सेट 70-68, त्यातही माहूचे 502 पॉइंट आणि इस्नरचे 478, हरला माहूच. फेडररने 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं की 1526 सिंगल्स मॅचपैकी जवळपास ऐंशी टक्के जिंकलो पण पॉइंट फक्त 54 टक्के. फेडरर निम्म्याच्या जरासे वर पॉइंट जिंकायचा, आणि आपण बारा वर्षांच्या मुलीचे अनफोर्स्ड एरर, म्हणजे स्वतःहून केलेल्या चुका, मोबाइलवर मोजत बसतो. हात वर करा बघू, गाडी सुरू व्हायच्या आत ‘तो दुसऱ्या सेटमधला डबल फॉल्ट’ हा विषय कुणीकुणी काढलाय? बघा, मागच्या रांगेपर्यंत हात वर आहेत.

आता मला जे सांगायचंय ते. मी कोच आहे, माझ्याकडे एक मुलगी शिकायला होती, नाव सांगत नाही, अंडर फोर्टीन खेळायची, फोरहँड असा सपाट आणि जोरात की शेजारच्या कोर्टवरची मुलं थांबून बघायची. एका स्पर्धेत समोर आली एक मूनबॉलवाली, म्हणजे प्रत्येक बॉल उंच उडवून परत देणारी. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला सगळ्यांना ती माहितीये, प्रत्येक ड्रॉमध्ये एक असतेच. बॉल उंच, बॅकहँडवर, खोल, परत उंच, परत खोल. आमची पहिला सेट 6-2 जिंकली, दुसऱ्यात 3-1 पुढे, आणि मग घाई झाली. खांद्याच्या वर आलेला प्रत्येक बॉल मारून संपवायचा असं तिने ठरवलं आणि बॉल मागच्या जाळीवर जायला लागले. 5-7, 1-6. हात मिळवताना समोरचीकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘अगं, तिला खेळता तरी येत होतं का, नुसती लॉब मारत होती!’ आईने हे मायेनेच म्हटलं, मला त्याबद्दल शंका नाही. पण त्या क्षणी मुलीला काय ऐकू आलं असेल? जिला खेळताच येत नाही तिच्याकडून तू हरलीस. आणि दुसरं, शिकण्यासारखं काही नव्हतंच, चल, बस गाडीत. बाबांनी गाडी गेटपाशी आणून ठेवलीच होती.

मी म्हटलं थांबा. दुपारी अडीचला त्या मूनबॉलवालीची पुढची मॅच आहे, ती बघून जा. बाबा वैतागले, घर लांब, ट्रॅफिक, उद्या शाळा. पण थांबले. मुलीला मी एकच अट घातली, स्वतःबद्दल एक शब्द बोलायचा नाही, फक्त ती काय करते ते सांग. पहिले चार-पाच गेम तोंड फुगवून वडापाव खाल्ला. मग म्हणाली, ‘मॅम, ती पुढे येतच नाही.’ समोर तिसरी सीड होती, तिने एक आखूड स्लाइस, म्हणजे नेटजवळ पडणारा कापलेला फटका, टाकला, मूनबॉलवाली बेसलाइनच्याही मागून धावत आली, बॉल कसाबसा उचलला आणि तो पॉइंट सीडने आरामात घेतला. थोड्या वेळाने, ‘मॅम, ती प्रत्येक पॉइंटनंतर मागे जाळीपर्यंत चालत जाते, रॅकेटच्या तारा सरळ करते, मगच येते.’ म्हणजे दोन पॉइंटच्या मधले पंचवीस सेकंद पुरेपूर वापरत होती, आणि आमची सकाळी बॉल हातात आला की सर्व्ह करत होती. हे मी सरावात कितीदा ओरडून सांगितलं असेल! तिला ते दिसलं तेव्हा पटलं.

मूनबॉलवाली हरली. बाहेर आली तर तिचे बाबा तिला म्हणतात, ‘सगळं परत देतेस, जोरात मारत का नाहीस कधी?’ आमच्या पोरीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्यानंतर गाडीत तिला कुणी समजवायची गरज उरली नाही.

पुढच्या आठवड्यात आखूड स्लाइसचा सराव तिने स्वतः मागितला. पुढे एकदा परत त्याच मुलीशी गाठ पडली तेव्हाही हरली, तीन सेटमध्ये. पण ती मॅच मला आठवते, एकही बॉल तिने रागाने मारला नाही.

म्हणून माझं म्हणणं, जिच्याकडून हरलो तिची पुढची मॅच बघायची. मुलाला हरवणारी व्यक्ती राक्षस वाटत असते किंवा फालतू वाटत असते. पुढच्या मॅचमध्ये ती साधी खेळाडू दिसते, चुका करते, घाबरते. आपण पहिल्या राउंडनंतर निघून जातो आणि हे बघायचं राहून जातं.

आयोजक खुणा करतायत, दहा मिनिटं राहिलीत म्हणे, आणि मूळ विषय तर आत्ता सुरू होतोय, तर भराभर सांगते.

हरल्यावर पहिला अर्धा तास काही विचारू नका. पाणी, खाणं, स्ट्रेचिंग. रडत असेल तर रडू द्या, ‘रडायचं काय त्यात’ नको. चेक खेळाडू याना नोवोत्ना 1993 ला विम्बल्डनची फायनल तिसऱ्या सेटमध्ये 4-1 पुढे असताना हरली आणि बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडली, सगळ्या जगासमोर. 1997 ला परत फायनल हरली, 1998 ला जिंकली. रडण्याने तिचं काही अडलं नाही.

संध्याकाळी प्रश्न एकच, ‘कुठला पॉइंट परत खेळायला आवडेल?’ मूल जो पॉइंट सांगेल तो कोचला कळवा, तुमच्या मनातला नको. रँकिंगचा हिशोब त्या आठवड्यात काढूच नका.

डबल्सची एन्ट्री जरूर द्या. सिंगल्स सकाळी हरलं तरी दुपारी कोर्टवर उतरायचं असतं आणि शेजारी पार्टनर असतो. आपली ऋतुजा भोसले, चीनमधल्या हांगझोऊ एशियन गेम्सला रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सची फायनल, पहिला सेट 2-6 गेला, मग 6-3 आणि शेवटचा टायब्रेक 10-4, गोल्ड. सेट गेल्यावर शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून परत उभं राहायचं, हे डबल्समध्ये फार लवकर अंगवळणी पडतं.

आणि मूल ‘मला खेळायचंच नाही’ म्हणालं तर त्या रात्री हो किंवा नाही काहीच म्हणू नका. दोन दिवस रॅकेट बॅगेत राहू द्या. तिसऱ्या दिवशीही तेच म्हणालं तर मात्र मनापासून ऐका, कारण ते आता पराभवाबद्दल बोलत नसतं, दुसरं काहीतरी असतं, आणि ते काय आहे हे कोचच्या आधी तुम्हाला कळायला हवं. प्रश्न असतील तर मी बाहेर चहापाशी आहे.