फॉर्मर का सुटला?

मंडळी, टेबलावरचं हे रिमोटवरचं जेट अडीच मीटर लांब आहे. बघणारा पहिल्यांदा इंजिनाचं विचारतो, साहजिकच आहे. रॉकेलवर चालणारी छोटी टर्बाइन, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, मागून निघणारा झोत पाचशे अंशांपलीकडचा. म्हणून तर आत स्टीलची दुहेरी नळी घातलीय. पण इंजीन तयार मिळतं. विमान टिकतं ते आपण चिकटवलेल्या सांध्यांवर, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

ही बॉडी म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड, इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव कालवले की कडक होणाऱ्या राळेत, भिजवून साच्यात वाळवलेलं. जिथे ताकद हवी तिथे कार्बनचं कापड. सोलापूरकरांना ताणा-बाणा मी काय समजावणार? घरची चादर घ्या. काठाच्या रेषेत ओढली तर हलत नाही, दोन विरुद्ध कोपरे धरून तिरकी ओढली की सरकते. आतल्या कोपऱ्यात काचकापडाची पट्टी लावायची तर ती अशीच तिरकी, ४५ अंशांत कापायची. मग ती वळणात नीट बसते आणि तिचे धागे दोन्ही भिंतींना धरून राहतात. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यातून उचलली जाते, खाली हवा राहते.

आता माझी चूक सांगतो. पहिलं मोठं जेट मी मे महिन्यात, गच्चीवरच्या खोलीत जुळवलं. आपला मे तुम्हाला माहीत आहे. इपॉक्सीच्या बाटलीवर लिहिलेलं, घट्ट होण्याआधी अर्धा तास मिळतो. मी पेलाभर एकदम कालवलं. हार्डनर, म्हणजे कडक करणारा दुसरा द्रव, पडला की आतून उष्णता सुटते, ती पेल्यात कोंडली आणि बाहेरच्या उन्हाची तिला साथ मिळाली. दहा मिनिटांत पेला हाताला चटका देऊ लागला. घाईघाईत पुढच्या चाकाचा फॉर्मर, म्हणजे बॉडीच्या आत आडवा चिकटवायचा, चाकाला आधार देणारा प्लायवूडचा तुकडा, तसाच दाबून बसवला. तिसऱ्या लँडिंगला तो अख्खा सुटून आला.

तेव्हापासून मी पहाटे काम करतो, थोडंच कालवतो, तेही वजनकाट्यावर मोजून, आणि लगेच पसरट ताटलीत ओततो. उष्णता निघून जाते, हाताशी वेळ राहतो. प्लायवूडला आधी नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात देतो. लाकूड ते पितं. त्यानंतर सुती तंतूंची भुकटी घालून घट्ट केलेली लापशी लावायची आणि कोपऱ्यात बोटाने गोलाई द्यायची.

पण खरी चूक उन्हाची नव्हती. वाळलेल्या इपॉक्सीवर नवी इपॉक्सी चढली तरी आत मुरत नाही. तिला धरायला ओरखडे लागतात. ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून चकाकी पूर्ण घालवायची, धूळ पुसायची, त्यानंतर तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. बाहेरच्या अंगाला तर साच्याचं मेणही असतं, ते पेपर मारण्याआधी धुवायचं. या कंटाळवाण्या कामाला माझे दोन रविवार जातात. ते मी आनंदाने देतो.

तो सुटलेला फॉर्मर मी जपून ठेवलाय, आता तुमच्यात फिरवतो. कडेवरून बोट फिरवा. लाकडाच्या बाजूने इपॉक्सी इतकी घट्ट आहे की नखाने निघत नाही. बॉडीला टेकलेली तिची दुसरी बाजू बघा, आरशासारखी गुळगुळीत आहे. एकही ओरखडा नाही.